२०१३ ची डिझेल रेनो डस्टर एसयूव्ही, १२ वर्षांत फक्त ३८ हजार किलोमीटर चाललेली. घ्यावी का?

घ्या, पण फक्त ३८ हजारांवर भाळून नको. आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर सांगून जुन्या नोंदी काढायला लावा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झिजलेलं असेल, तर गाडी ३८ हजारांची नाही.

आकडा खरा निघाला तरी उभ्या गाडीचे वेगळे आजार असतात. माझ्या मामांची एसयूव्ही दोन पावसाळे पार्किंगमध्ये झाकून उभी होती. टायरची नक्षी नव्यासारखी, पण टायरच्याच बाजूंवर बारीक भेगांचं जाळं. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. १५१९ म्हणजे २०१९ चा पंधरावा आठवडा.

डस्टरच्या या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा आहे, आणि बेल्ट किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारा होतो. बदलल्याचं बिल नसेल तर त्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करा. तुटला तर इंजिनच जातं. सकाळी गार इंजिन स्वतः सुरू करून धूर बघा, मालकाला आधी तापवू देऊ नका.

नोंदणी २०२८ ला संपेल. मग गाडीची फिटनेस तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. दिल्लीला न्यायचा विचार असेल तर सोडाच, तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा प्रश्न आहे.

महिन्यातून दोनदा गावी जाण्यापुरती हवी असेल आणि बेल्ट, टायर, बॅटरीचे पैसे बाजूला ठेवता येत असतील, तर मी घेईन. रोज पन्नास किलोमीटर ऑफिसला जायला मात्र नाही.