गतीचा काटा, टायरचा घेर आणि पेट्रोलचा खर्च

प्रश्न : मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो आणि महिन्यातून तीन वेळा स्वतःच्या पेट्रोल मोटारीने पुण्याला जातो. गेल्या महिन्यात महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे ई-चलान आले. मर्यादा 100 ची होती, माझा काटा 105 च्या आत होता, पण चलानावर 108 लिहिलेले आहे. हे कॅमेरे केवळ वसुलीसाठी बसवले आहेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. दुसरे म्हणजे, कंपनीने लिटरला 22 किलोमीटर सांगितलेली ही गाडी जेमतेम 15 चे ॲव्हरेज देते. दोन वर्षांपूर्वी गाडी भारदस्त दिसावी म्हणून 185/65 आर 15 ऐवजी 205/65 आर 15 मापाचे टायर बसवले, एवढा एक बदल सोडला तर गाडी जशी घेतली तशी आहे. ही गाडी काढून हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी) घ्यावी काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण जो बदल जाता जाता नोंदवला आहे, त्यातच आपल्या पहिल्या तक्रारीचे मूळ आणि दुसरीचाही काही भाग आहे, असे मला वाटते.

टायरच्या मापातला पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा असतो आणि दुसरा, टायरची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो; म्हणून रुंदी वाढली की उंचीही वाढते. मूळ टायरचा व्यास सुमारे 621 मिलिमीटर होता आणि नव्याचा सुमारे 647 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा चार टक्के अधिक अंतर कापते. गाडीला मात्र हे कोणी सांगितलेले नाही. ती फेरेच मोजते आणि जुन्या घेरानुसार वेग दाखवते. गतीच्या काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा नियम असल्यामुळे कंपन्या काटा मुळातच थोडा वर ठेवतात. ही सवलत आपल्या मोठ्या टायरने खाऊन टाकली. चार टक्के धरले तर काट्यावरचे 105 म्हणजे रस्त्यावरचे 109 पर्यंत होतात. रडारच्या कॅमेऱ्याचा आपल्या चाकांशी काही संबंध नसतो. गाडीवर आदळून परतलेल्या लहरींची वारंवारिता किती बदलली, यावरून तो वेग काढतो. शिवाय रस्त्याच्या कडेने, तिरक्या कोनातून मोजलेला वेग खऱ्यापेक्षा किंचित कमीच भरतो. तेव्हा 108 हा आकडा मला अविश्वसनीय वाटत नाही.

तरीही आपल्या रागाचा एक भाग रास्त आहे. मोटार वाहन नियमांत 2021 साली जोडलेल्या 167अ या नियमाने अशा यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र, त्याचे दरवर्षी नूतनीकरण, कॅमेऱ्याच्या आधी ठळक सूचनाफलक आणि गुन्ह्यापासून 15 दिवसांच्या आत नोटीस या गोष्टी बंधनकारक केल्या. झाडाआड उभ्या केलेल्या गाडीतून, फलकाशिवाय टिपलेल्या छायाचित्राबद्दल कोणी तक्रार केली तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. आपल्या चलानावरील जागा आणि तारीख तपासा, फलक होता की नाही ते पुढच्या फेरीत पाहा, आणि नसल्यास महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा. मात्र ‘काटा कमी दाखवत होता’ हे कारण तिथे लिहू नका, कारण तो कमी का दाखवत होता, हे आपणच ठरवलेले आहे.

आता ॲव्हरेज. अंतर मोजणारा आकडाही फेऱ्यांवरच चालतो, त्यामुळे आपले 15 खरे पाहता साडेपंधराच्या थोडे वर आहेत. उरलेल्या तफावतीपैकी काही भाग चाचणीच्या पद्धतीत आहे. आपल्याकडील प्रमाणित आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढतात. ती चाचणी साधारण वीस मिनिटांची असते, तीत कमाल वेग ताशी 90 किलोमीटर असतो आणि एसी बंद असतो. एप्रिलच्या दुपारी मोहोळहून टेंभुर्णीकडे निघालेल्या माणसाला एसी बंद ठेवा, असे मी तरी सांगणार नाही.

वेगाचे मात्र सांगेन. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 90 ऐवजी 110 ने गेल्यास तो जवळजवळ दीडपट होतो. सोलापूर ते पुणे हे अंतर 250 किलोमीटर धरले आणि सबंध रस्ता मोकळा मिळाला असे मानले, तरी या दोन वेगांत अर्ध्या तासाचाच फरक पडतो. टोलनाके आणि इंदापूर-भिगवणचा चहा धरल्यास तोही उरत नाही. कॅमेरा दिसताच करकचून ब्रेक दाबणारे आणि तो मागे पडताच पुन्हा जोर लावणारे चालक तर पेट्रोल ब्रेकमध्ये जाळतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजला जातो, तिथे या युक्तीचा उपयोगच होत नाही.

रुंद टायरचे वजन आणि घर्षणही अधिक असते. त्यात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला त्याचे कौतुक असणे स्वाभाविक आहे, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, हेही खरे.

हायब्रिडविषयी थोडक्यात सांगतो. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवणे हा तिचा मोठा लाभ आहे, आणि तो सात रस्ता किंवा नवी पेठेच्या गर्दीत मिळतो. मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने धावताना साठवण्यासारखे फारसे काही उरत नाही. आपला बहुतेक प्रवास पुण्याच्या रस्त्यावर होत असेल, तर केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी हा व्यवहार करू नये, असे माझे मत आहे.

जुने टायर घरात पडून असतील आणि पाच-सहा वर्षांहून जुने नसतील, तर आधी ते बसवा. नसतील तर त्याच मापाचे नवे घ्या. सकाळी चाके थंड असताना दारावरच्या पट्टीनुसार हवा भरा, टाकी काठोकाठ भरून 90 च्या वेगाने पुण्याला जाऊन या, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरा आणि मग भागाकार करा. येणारा आकडा मला अवश्य कळवा.