एआयनं जुळवलेल्या ओळी देवापुढे म्हणाव्या का?

प्रश्न: ताई, आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो, सासूबाईंची आरत्या-अभंगांची वही फाटायला आलीय म्हणून टाइप करायला घेतली, एका अभंगाच्या दोन ओळी पुसल्या गेल्यात तर एआयला विचारलं, त्यानं लगेच दिल्या, शेवटी 'तुका म्हणे'पण लावलं, पण सासूबाई म्हणतात ह्या ओळी मी जन्मात ऐकल्या नाहीत. ठेवू का काढू? आणि टाइप कशात करू?

उत्तर: काढा, आजच काढा. ही साधनं बहुतेकदा गाथा उघडून बघत नाहीत, पुढे कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधत ओळ जुळवतात, त्यामुळे कानाला गोड लागली तरी ती तुकोबांची असेलच असं नाही. 'तुका म्हणे' ही नाममुद्रा आहे हो, सहीच ती, दुसऱ्याच्या शब्दांखाली कशी लावायची? जागा रिकामी ठेवा, छापील गाथेत शोधा, भजनी मंडळातल्या आजींना विचारा. एआय वापरणं पाप आहे असं मात्र मी म्हणणार नाही, मी स्वतः अवघड शब्दांचे अर्थ विचारते आणि मग शब्दकोशात बघते.

टाइप लिबरऑफिस या कॉम्प्युटरवर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे, २०१० पासून चालू आहे. फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं वाचता येणारा, माझ्या वडिलांच्या जुन्या फॉन्टमधल्या फायली आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती अगम्य चिन्हं दाखवतात, फार जीव तुटतो. आधी पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि सासूबाईंना चाली येत असतील तर फोनवर रेकॉर्ड करून घ्या.