समोरच्या दारातला डबा

प्रिय मावशी,
आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. समोरच्या दारातली मैत्रीण आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या मजल्यावर आलो, त्याला 21 वर्षं झाली. 2024 च्या 4 जूनला लोकसभेच्या निकालात आमचे अमोल कीर्तिकर 48 मतांनी पडले आणि रात्री ही पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात! माझ्या तोंडून निघून गेलं, "चोरांचे पेढे आमच्यात खात नाहीत." तिचे सासरे मागेच उभे होते. तेव्हापासून बोलणं बंद. डिसेंबरात हायकोर्टाने कीर्तिकरांची निकालाविरुद्धची याचिका फेटाळली, तेव्हा तिने नुसती बातमीची लिंक पाठवली. मी तिला ब्लॉक केलं. आता संक्रांतीचं हळदीकुंकू आलंय. बोलावलं तर मी हरले असं होईल, नाही बोलावलं तर अख्खी बिल्डिंग विचारेल. काय करू?
ता. क. तिचा स्टीलचा डबा मेपासून माझ्याकडेच आहे.

अगं,
आधी तुझ्या बाजूचं बोलते. मशीनमधली मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094. म्हणजे तुमचा माणूस एका मताने पुढे. मग टपाली मतं आली, कीर्तिकरांना 1,501, वायकरांना 1,550, आणि सगळं फिरलं. साडेचार-साडेचार लाख मतं घेतलेल्या दोघांत 48 चा फरक! तुमच्या एका विंगमध्ये तेवढे मतदार सहज निघतील. त्यात फेरपडताळणी, मोजणी केंद्रात मोबाइल वापरल्यावरून पोलिसांत गुन्हा, मग कोर्ट. एवढं झाल्यावर तुझ्या मनात शंका राहिली, तर मी तुला वेडी म्हणणार नाही. कोर्टाचा निकाल मान्य करूनही मनात शंका ठेवता येते. ती ठेव खुशाल.

पण ती शंका मोजणाऱ्यांवर होती ना? मग चोर कोणाला म्हणालीस? 20 मेच्या उकाड्यात मत देऊन आलेल्या बाईला. गोरेगावच्या नेस्कोत बसून तिने काही मोजलं नव्हतं.

आता तिचंही चुकलंच. दिवसभर टीव्हीसमोर आकडे बघून तुझा जीव टांगणीला लागलेला तिला माहीत होतं, आणि सुतक असल्यासारख्या घरात ती पेढे घेऊन आली. पण मला वाटतं, ते तिच्या हाताला लागलेलं वळण असावं. 21 वर्षांत मुलांचा दहावीचा निकाल, नवी गाडी, कशाचाही पेढा आधी समोरच्याच दारात गेला असणार. त्या रात्रीही पाय तिकडेच वळले.

आणि ज्यांच्यापायी तुम्ही दारं लावून बसलात, त्यांच्याकडे जरा बघ. शिंद्यांकडून लढलेले वायकर मार्च 2024 पर्यंत ठाकऱ्यांच्याच पक्षात होते. कीर्तिकरांचे वडील गजानन कीर्तिकर शिंद्यांकडे, मुलगा ठाकऱ्यांकडून उभा. मग नोव्हेंबरात विधानसभेला तुमच्याच जोगेश्वरी पूर्वेत वायकरांच्या पत्नी 1,541 मतांनी पडल्या आणि तुमचे बाळा नर निवडून आले. त्या रात्री पेढ्यांचा बॉक्स घेऊन समोर जायची पाळी तुझी होती. गेलीस का, ते पत्रात नाही. मीही विचारत नाही. पण तिने तुला चोर म्हटलं असतं तर ते पत्रात नक्की आलं असतं.

लिंक टोचायलाच पाठवली होती, त्यात शंका नाही. तरी सहा महिन्यांनी दार पहिल्यांदा तिनेच वाजवलं, भले लाथेने का होईना. आज रात्री ब्लॉक काढ. मेसेज मात्र करू नकोस, आणि तो "तिळगूळ घ्या, गोड बोला"चा फॉरवर्ड तर मुळीच नको. तो दूधवाल्यालाही जातो.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्याची घाई नाही. आधी डबा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. गुळाच्या पोळ्या कर, चार जास्तच. सासरे घरी असतील अशा वेळी जा. तू बोललीस ते त्यांच्यादेखत, मग माफीही त्यांच्यादेखतच व्हायला हवी. एवढंच म्हण, "निकालाबद्दल मला जे वाटतं ते अजूनही वाटतं. पण त्या रात्री तुला जे म्हणाले, ते चुकलं." "पण तूही" हे शब्द जिभेवर येतील, ते गिळ. ती "मग आता निकाल मान्य कर" म्हणाली, तर "ते राहू दे, चहा टाक" म्हणायचं.

राजकारण बोलायचंच नाही, असला करार करू नका. जोगेश्वरीत तो आठवडाभर टिकणार नाही, शिवाय कुठली ना कुठली निवडणूक कधी ना कधी लागणारच. फार तर एवढं ठरवा की निकालाच्या दिवशी पेढे खालच्या मजल्यावर वाटायचे आणि समोरच्या दारात दुसऱ्या दिवशी.

कदाचित ती डबा घेईल आणि दार लावून घेईल. लावू दे. डबा तिच्याकडे गेला, म्हणजे आता तो परत पाठवायची पाळी तिची.

तुझी,
मावशी