एटीव्हीच्या (कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या उघड्या चारचाकीच्या) सायलेन्सरची स्प्रिंग सारखी तुटते, कशी बदलू?

भाऊ, एक तुटली असली तरी पाइप आणि सायलेन्सरच्या त्या जोडावरच्या सगळ्याच बदला. जुनी ताणलेली आणि नवी कडक एकत्र लावली की जास्त ताण नवीवर येतो. स्प्रिंग स्टेनलेस स्टीलचीच घ्या. माप हुकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या हुकाच्या आतल्या कडेपर्यंत, पण तुटलेलीवरून नको, शाबूत असलेलीवरून घ्या.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, पक्कड निसटली की स्प्रिंग थेट तोंडावर येते. स्प्रिंग ओढायचा हुक नसेल तर ती वाकवून वेढ्यांच्या फटीत वॉशर सरकवत जा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. ती लांब होते आणि हाताने अडकते. मग वॉशर पक्कडीने काढून घ्या.

वारंवार तुटत असेल तर दोष बहुतेक स्प्रिंगचा नसतो. सायलेन्सरचा रबर माउंट फाटलाय का, जोडातला गॅस्केट (वायू गळू न देणारी कडी) गेलाय का, पाइपावरचा हुक झिजलाय का ते बघा. स्प्रिंगवर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची रेघ ओढली की थरथर कमी होते.

वाटेत स्प्रिंग तुटली तर जोड बांधायच्या तारेने आवळून गाडी घरापर्यंत आणा, बस. तारेत स्प्रिंगसारखा ताण नसतो, जोड ढिला पडून गरम वायू बाहेर फेकतो. एप्रिल-मेमध्ये धुऱ्यावरच्या वाळल्या गवतातून आणि पऱ्हाट्यांतून अशी गाडी चालवणं म्हणजे आगीला आवतन.