‘कॉस्च्यूम’ म्हणजे सर्वत्र ‘वेशभूषा’च का?

फॅशनविषयक अभ्यासक्रमाचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘कॉस्च्यूम’साठी सर्व ठिकाणी ‘वेशभूषा’ हाच शब्द योजावा का. माझ्या मते योजू नये. नाटक-चित्रपटाच्या संदर्भात तो नेमका आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले ते वेशभूषेचे, असे आपण सहज म्हणतो. परंतु रोज नऊवारी लुगडे नेसणाऱ्या आजीविषयी बोलताना हा शब्द तोंडी येत नाही. समारंभाच्या निमंत्रणात ‘पारंपरिक वेशभूषेत यावे’ असे लिहिलेले असते, तेव्हाही एरवी न घातलेले काही त्या दिवसापुरते मुद्दाम घालून येणे अभिप्रेत असते.

या शब्दाला रंगभूमीचा वास कसा लागला असावा, हे पाहताना ‘नेपथ्य’ शब्दाकडे जावेच लागते. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाची सजावट आणि तो जेथे सजतो ती पडद्यामागची जागा. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेश आणि सजावट यांतून साधणाऱ्या अभिनयाच्या, विवेचनात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. म्हणजे रथ-पर्वतांच्या प्रतिकृतींपासून वस्त्रे, दागिने आणि अंगाला लावायच्या रंगांपर्यंत सारे त्यात येते. आजच्या मराठीत मात्र नेपथ्यकार फक्त रंगमंचावरचे घर उभे करतो. कपडे ‘वेशभूषे’कडे आणि चेहरा ‘रंगभूषे’कडे गेला आहे. ही वाटणी इतकी पक्की झाली आहे की ‘वेशभूषा’ म्हटले की मराठी वाचकाला आधी भूमिका दिसते, माणूस नंतर.

अस्मितेची चर्चा असेल तेथे मी नुसता ‘वेश’ शब्द सुचवीन, कारण पोशाख अंगावर काय आहे ते सांगतो आणि वेश माणूस कोण आहे ते सांगतो. म्हणूनच आपण ‘गणवेश’ म्हणतो, ‘गणपोशाख’ म्हणत नाही, आणि ओळख लपवणे म्हणजे वेषांतर. (‘वेश’ आणि ‘वेष’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत; एका ग्रंथात एकच ठेवावे.) डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची खूण ठरलेले दागिने टाकून देण्यास सांगितले. वस्त्र लुगडेच राहणार होते, बदलायचे होते ते नेसणे, आणि नेसण्यावरून ओळखू येणारी जात. या प्रसंगाचे वर्णन करताना ‘वेशभूषेतील बदल’ असे लिहिले, तर त्यातला सारा संघर्ष पुसला जातो, असे मला मनापासून वाटते.

रोजच्या कपड्यांसाठी ‘पेहराव’ किंवा ‘पोशाख’ पुरेसा आहे. ‘फॅशन’ शब्द तसाच ठेवावा, कारण काळाबरोबर पालटत जाणारी आवड हा त्यातला अर्थ वरीलपैकी कोणत्याही शब्दात नाही. बालगंधर्व रंगमंचावर जे शालू नेसत ती वेशभूषा; ते पाहून घरोघरच्या स्त्रिया तशाच लुगड्यांची आवड धरू लागल्या ती फॅशन. विषयाच्या नावासाठी ‘वेशभूषाशास्त्र’ टाळून ‘फॅशन-अभ्यास’ घ्यावे, आणि त्यातील पाठांत संदर्भ पाहून वेशभूषा, वेश किंवा पेहराव यांपैकी योग्य तो शब्द निवडावा.