उजवा हात कुणाचा?

प्रश्न : सत्ताधारी पक्ष अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतो, असं शाळेत शिकलो. टीव्हीवर मात्र लोकसभेत तो डावीकडे दिसतो. खरं काय? आणि कुणी कुठे बसायचं हे कोण ठरवतं?

उत्तर : पुस्तकही खरं, टीव्हीही खरा. उजवा हात अध्यक्षांचा धरायचा, आपला नव्हे. कॅमेरा बहुतेक वेळा समोरून पाहतो, म्हणून बाजू उलटतात. नागरिकशास्त्र शिकवताना मीही बरीच वर्षं फळ्यावर ही आकृती उलटीच काढायचो. शेवटी एका मुलीने टोकलं, "सर, त्यांच्या खुर्चीत बसून बघा ना." तेव्हापासून आधी फळ्याकडे पाठ करून उजवा हात वर करायचो, मगच खडू उचलायचो.

लोकसभेत आसनं कशी लावायची हे अध्यक्ष ठरवतात. डावीकडच्या पुढच्या रांगेतलं पहिलं आसन उपाध्यक्षांचं. पाच किंवा जास्त सदस्य असलेल्या पक्षाला त्याच्या संख्येच्या प्रमाणात पुढच्या जागा मिळतात. समजा, पुढे २० जागा आहेत आणि पक्षाचे ५४ खासदार. ५४ गुणिले २०, भागिले ५४३. म्हणजे जवळपास दोन. त्या दोनांवर कोण बसणार, यावरून पक्षात कुणाचं वजन किती ते कळतं. पाचहून कमी सदस्य असलेले पक्ष आणि अपक्ष यांचं अध्यक्ष बघतात.

ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सची तऱ्हा निराळी. सदस्य ६५०, बसायला जागा ४२७ च्या आसपास! १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात सभागृह जळालं, तेव्हा मोठं बांधायची संधी आयती चालून आली होती. पण चर्चिल यांनी १९४३ मध्ये आग्रह धरला की ते लांबट चौकोनीच राहावं आणि सगळे मावतील एवढं मोठं नसावं. मोठ्या सभागृहात एरवी रिकाम्या बाकांपुढे बोलावं लागतं, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. तिथले समोरासमोरचे बाक आले सेंट स्टीफन्स चॅपेलमधून. कॉमन्सची बैठक पूर्वी त्या प्रार्थनागृहात भरायची. आजही मंत्री आणि विरोधी नेते सोडले तर कुणाची जागा पक्की नाही. बैठकीच्या सुरुवातीच्या प्रार्थनेला हजर राहून बाकावर कार्ड लावायचं, की त्या दिवसापुरती जागा आपली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच.

'डावे-उजवे' हे शब्दही बसण्यावरूनच आले. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे जमले, विरोधक डावीकडे. लोकसभेतले डावे पक्ष मात्र सरकारात असतील तर उजवीकडे बसतील. वर्गात हे सांगितलं की हमखास हशा पिकायचा.

पक्षाप्रमाणेच बसवलं पाहिजे, असंही नाही. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये खासदार मतदारसंघानुसार बसतात, त्यामुळे कट्टर विरोधक शेजारी येतात. आइसलँडमध्ये मंत्री सोडून बाकीचे चिठ्ठी काढतात. जो आकडा निघेल, तिथे बसायचं.