बॅरिस्टर आंबेडकर आणि मजूर खाते

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्यवसायाने वकील होते. मग केंद्र सरकारचे मजूर खाते त्यांच्याकडे कसे आले? कामाचे तास त्यांनी चौदावरून आठवर आणले, असे दर कामगार दिनी वाचनात येते. ते कितपत खरे आहे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, त्या काळात त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक आणले, तेव्हा संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय, असा युक्तिवाद त्यांनी विधानसभेत केला आणि ७ नोव्हेंबरच्या निषेध संपाचे नेतृत्वही केले. त्यामुळे जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले, तेव्हा हा विषय त्यांना नवा नव्हता. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्याच वर्षी आकाराला आली.

आता तासांविषयी. १९३४ च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यांत दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची कमाल मर्यादा आधीच होती. बाबासाहेबांच्या कारकिर्दीत झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती ९ आणि ४८ वर आली. सहा दिवसांच्या आठवड्यात सरासरी आठ तास होतात, ते यामुळे. म्हणजे आठ तासांचे श्रेय निराधार नाही, पण चौदाचा आकडा चुकीचा आहे, आणि इतक्या भरीव कामाला त्याची गरजही नाही.

गौरवलेखांतून सहसा गाळली जाणारी एक बाब मात्र सांगितलीच पाहिजे. युद्धकाळात कोळशाची टंचाई झाल्यामुळे १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांच्या भूमिगत खाणकामावरील बंदी उठवली, आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना मध्यवर्ती विधिमंडळात त्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. ही तात्पुरती तडजोड असल्याचे सांगतानाच, समान कामासाठी स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळेल, हे तत्त्व त्यांनी आवर्जून मांडले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. आमच्या मते हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड प्रसंग होता, आणि त्यांचे मोठेपण जाणणाऱ्यांनी तो लपवू नये.

किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडले. पुढे काही महिन्यांतच त्यांनी पद सोडले आणि कायदा १९४८ मध्ये झाला. कामगार संघटनांना मालकांनी मान्यता देणे सक्तीचे करणारे त्यांचे १९४३ चे विधेयक अधिक दुर्दैवी ठरले : त्याच हेतूची दुरुस्ती १९४७ मध्ये संमत झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही.